लूनाचे दोन घोडे

लॅटिन भाषेत चंद्र स्त्रीलिंगी आहे. तिचे नाव लूना. आमच्या ग्रंथालयातल्या रोमच्या इतिहासात हे प्रथम वाचले तेव्हा मोठी गंमत वाटली. जन्मभर ज्याला चांदोमामा म्हटले, तो तिकडे बाई! सूर्यदेव सोल चार घोड्यांच्या रथातून धावतो, लूनाच्या रथाला घोडे दोनच. रोमच्या जुन्या चांदीच्या नाण्यांवर तिचा हा रथ दिसतो. देवांच्या राज्यातही बाईला निम्मेच का, हे आमच्या वर्गभगिनींनी ठरवावे.

रोममध्ये ॲव्हेंटाइन टेकडीवर तिचे देऊळ होते. सर्व्हियस टुलियस राजाने ते बांधले अशी परंपरा. इ.स.पू. 182 मध्ये वादळाने त्याचे दार उखडून शेजारच्या सेरीस देवीच्या देवळावर नेऊन आपटले आणि इ.स. 64 च्या आगीत ते देऊळच गेले. पॅलाटाइन टेकडीवरचे तिचे दुसरे देऊळ रात्री दिव्यांनी उजळत असे. तशी ही देवी थोरामोठ्यांत बसणारी नव्हे. पुढेपुढे डायानाच्या तेजात ती झाकोळूनच गेली.

पण टॅसिटसने लिहिलेली एक हकीकत वाचली आणि माझी गंमत संपली. इ.स. 14 साली सम्राट ऑगस्टस वारला आणि पॅनोनिया प्रांतातल्या तीन पलटणींनी बंड केले. मागणे काय, तर रोजचा एक दिनार पगार आणि सोळा वर्षांनंतर सुटका. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे चाकरी करून ती माणसे म्हातारी झाली होती. टायबेरियसचा मुलगा ड्रूसस समजूत घालायला आला. त्याच रात्री चंद्राला ग्रहण लागले. शिपायांनी पितळेची भांडी बडवली, शिंगे-तुताऱ्या फुंकल्या. लूना उजळली तर आपले काम फत्ते, असा त्यांचा हिशेब. तेवढ्यात ढग आले आणि चंद्र दिसेनासा झाला. देवांनी तोंड फिरवले म्हणून ते रडू लागले. ड्रूससने ही भीती बरोबर हेरली, तंबूतंबूतून माणसे फिरवून एकी फोडली आणि म्होरक्यांना ठार केले.

याच्या पावणेदोनशेहून अधिक वर्षे आधी, इ.स.पू. 168 मध्ये, सुल्पिकियस गॅलस नावाच्या अधिकाऱ्याने रोमन सैनिकांना ग्रहणाचे कारण समजावून सांगितले होते. म्हणजे ज्ञान रोममध्ये होते. पॅनोनियाच्या तंबूंपर्यंत ते पोचले नव्हते, एवढेच.

मला हे परके वाटले नाही. ग्रहणाच्या रात्री आमच्या वस्तीतली माणसे ‘दे दान, सुटे गिराण’ असे ओरडत गावातून फिरत. माझी आजीही टोपली घेऊन फिरली आहे. जुनेर मिळे, पसाभर दाणे मिळत. माझ्या वडिलांनी ते बंद केले. ते चौथीपर्यंत शिकले, पण त्या टोपलीची लाज वाटायला तेवढे शिक्षण पुरले. मला मात्र लाजेपेक्षा राग येतो. सावली पृथ्वीची, आणि तिच्या पायी हात पसरायचा तो आम्ही!

दिवाळीच्या सुट्टीत ही हकीकत मी आजीला सांगितली. पितळ बडवण्याचे तिला काही नवल वाटले नाही. तिने एवढेच विचारले, “मग त्या शिपायांचा पगार वाढला का रं?”

पगार वाढला नाही. सोळा वर्षांची सवलत तेवढी मिळाली होती, तीही पुढल्याच वर्षी टायबेरियसने काढून घेतली.