नाव तेच, गाडी नवी

हैदराबादच्या मराठी घरांना आदिलाबाद तसे परके नाही. कोणाची आत्या तिकडे दिलेली असते, कोणाचा कापसाचा व्यवहार असतो, आणि काहीच नसले तर माहूरच्या रेणुकेला जाताना एखादा मुक्काम तरी तेथे घडलेला असतो. आमच्या वहिनींचे तर ते माहेरच. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर त्यांच्या बंधूंचे बोलावणे आले आणि आम्ही सहकुटुंब निघालो.

गाड्या दोन होत्या, आणि दोन्हींवर नाव एकच : सफारी. एक आमच्या दादांची, २००६ साली घेतलेली. दुसरी भाच्याची, अवघी दोन वर्षांची. दादांच्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२१ मध्ये संपली, तेव्हा त्यांनी ती पाच वर्षांनी वाढवून घेतली. ती मुदतही आता सरत आली होती. पुन्हा वाढवायची की गाडी निकालात काढायची, हा प्रश्न घरात महिनाभर घोळत होता आणि दादा त्यावर बोलायला तयार नव्हते.

वादाला निमित्त मिळाले ते वर्तमानपत्राचे. निघण्याच्या दोनच दिवस आधी, २५ नोव्हेंबरला, टाटांनी सिएरा हे आपले जुने नाव नव्या गाडीवर पुन्हा आणले होते. १९९१ ची सिएरा ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिची तीन दारे आणि छतापर्यंत वळत गेलेली मागची काच आठवत असेल. नव्या सिएरेला पाच दारे आहेत, आणि त्या काचेचा आता केवळ आभास ठेवला आहे. कामारेड्डीला चहा घेता घेता दादांनी ही बातमी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "घ्या! आणखी एकीचं नाव उसनं घेतलं."

"उसनं कसं, मामा? नाव त्यांचंच आहे," भाचा म्हणाला.

"तुझ्या गाडीचं तरी कुठे तिचं होतं?"

दादांचा रोख खरा होता. मूळ सफारी १९९८ साली पुण्याच्या कारखान्यातून बाहेर पडली. मजबूत चासीस, तीवर बसवलेली बॉडी, मागच्या चाकांना जोर, हवा असेल तर चारही चाकांना, आणि मागच्या दारावर टांगलेले जादा चाक. ही परंपरा २०१९ साली संपली. पुढे २०२० च्या फेब्रुवारीत दिल्लीजवळच्या प्रदर्शनात तीन रांगांची एक गाडी 'ग्रॅव्हिटास' या नावाने मांडली गेली. २०२१ च्या जानेवारीत जाहीर झाले की तिचे नाव सफारी, आणि फेब्रुवारीत ती त्याच नावाने विकायला आली. हिला वेगळी चासीस नाही. सांगाडा आणि बॉडी मिळून एकच अंग, आणि जोर पुढच्या चाकांना. चारही चाकांना जोर देण्याची सोय नाहीच. जुन्या सफारीचे चाहते तेव्हा देशभर चिडले होते. "बारसं एका नावानं आणि मुंज दुसऱ्या नावानं," असे दादांनी त्याचे वर्णन केले.

भाचाही मागे हटणारा नव्हता. नव्या गाडीचा सांगाडा लॅंड रोव्हरच्या घडणीवरून घेतलेला आहे, इंजिन १७० अश्वशक्तीचे आहे, आणि २०२३ च्या डिसेंबरात भारताच्या स्वतःच्या सुरक्षा-चाचणीत पाच तारे मिळवणाऱ्या पहिल्या गाड्यांत ती होती, हे त्याने बोटांवर मोजून दाखवले. असे वाद सर्वत्रच होतात. फोर्डने कॅप्री हे आपल्या जुन्या दोन दारांच्या चपळ गाडीचे नाव २०२४ मध्ये एका उंच विजेरी गाडीला दिले, तेव्हा युरोपातले शौकीनही असेच हळहळले.

शेवटी वहिनी म्हणाल्या, "आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. म्हणून त्याला कुणी आजोबांच्या मिशा मागत नाही."

सोनच्या पुलावर गोदावरी लागली. पद्धतीप्रमाणे सर्वांनी हात जोडले आणि वाद काही काळ थांबला. निर्मळ मागे पडले आणि महबूब घाटाच्या सागवानी झाडीतून गाड्या चढू लागल्या. या रस्त्याला आम्ही लहानपणापासून 'सात नंबर' म्हणत आलो. नव्या गणनेत तो ४४ झाला, चौपदरी झाला, तरी दादा अजून त्याला सात नंबरच म्हणतात. नेरडीगोंड्याहून आत वळून कुंतला धबधबा पाहिला. कडेम नदी तेथे सुमारे ४५ मीटर खाली उतरते. पावसाळ्याचा दणका ओसरला होता, पण काळ्या खडकावरून उतरणाऱ्या पांढऱ्या धारा पाहत आम्ही बराच वेळ बसलो. दुष्यंताच्या शकुंतलेवरून हे नाव पडले, असे तेथील लोक सांगतात.

रात्री आदिलाबादला पोहोचलो तेव्हा थंडीने दात वाजत होते. जेवताना वहिनींच्या बंधूंनी त्यांच्या जिल्ह्याची कथा सांगितली. गावाचे जुने नाव एदलाबाद. निजामाच्या राज्यातला हा विस्तीर्ण जिल्हा. १९५६ च्या पुनर्रचनेत किनवट आणि राजुऱ्याचा मुलूख मराठी बाजूला गेला. २०१४ साली तेलंगण झाले, आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी उरलेल्या जिल्ह्याचे चार भाग झाले. निर्मळ, मंचेरियाल आणि आसिफाबाद वेगळे निघाले. "नाव आमच्याकडे राहिलं, जिल्हा मात्र वाटला गेला," ते हसून म्हणाले. दादांनी मान वर केली, पण बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी इंद्रवेल्लीवरून केसलापूरला गेलो. मेस्राम कुळाच्या गोंडांचा हा नागोबा. पौष अमावास्येला येथे मोठी जत्रा भरते. त्यासाठी मेस्राम मंडळी दरवर्षी अनवाणी पायांनी गोदावरीचे पाणी आणतात. आम्ही गेलो तेव्हा सारे शांत होते. देऊळ नवे दगडी आहे. कुळातल्या लोकांनी स्वतः वर्गणी काढून ते बांधले आणि २०२२ साली तेथे प्रतिष्ठा झाली. दादांनी तेथील एका वृद्ध गृहस्थांना विचारले, "आता डांबरी रस्ते झाले. पाणी गाडीनं का आणत नाही?" ते मराठीतच म्हणाले, "देऊळ नवं बांधता येतं. पाणी चालतच आणावं लागतं."

परतताना दादा म्हणाले, "बघ, हेच मी म्हणतो. देऊळ बदला, पण पाणी चालत आणा. सफारीचं पाणी म्हणजे रस्ता संपला तरी पुढं जाणं. ते तुझ्या गाडीत नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी जैनथच्या बाजूला, पैनगंगेकडच्या शेतावर निघालो. दोन्ही अंगांना कापूस फुटला होता आणि वेचणी जोरात होती. डांबर संपले. पुढे गाडीवाट होती. रात्री कोणीतरी शेताला पाणी सोडले होते आणि काळी माती लोण्यासारखी झाली होती. दादांनी गाडी थांबवली. भाचा शेजारी येऊन उभा राहिला आणि अगदी मृदू स्वरात म्हणाला, "मामा, तुमच्या गाडीला तरी चारही चाकांना जोर आहे का?"

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दादाच म्हणाले, "नाही. तेव्हा ती गाडी महाग पडत होती. मागच्या चाकांचीच घेतली." एकोणीस वर्षे ही गोष्ट त्यांनी आम्हांलाही सांगितली नव्हती. थोडे थांबून ते पुन्हा म्हणाले, "पण नाव वाचलं, की वाटायचं, जाऊ शकू."

दोन्ही गाड्या एका मोहाखाली लावून आम्ही बैलगाडीतून शेतावर गेलो. गाडीवानाने दोन्हींकडे पाहून विचारले, "दोन्ही सफारीच का?" दादा म्हणाले, "हो. ही थोरली, ती धाकटी." भाच्याने मामांकडे पाहिले आणि मान खाली घातली.

दादांचे ते वाक्य आम्हांला अजून आठवते. आपण मराठी माणसेही पिढ्यान्पिढ्या नाव तेच सांगत आलो आहोत. आमच्या मुलांच्या मराठीत तेलुगू येते, उर्दू येते, आणि पुण्याचा पाहुणा ऐकून हसतो. आजोबांची मराठी आमच्याजवळही पुरती नाही, हे आम्ही त्याला सहसा सांगत नाही. तरीही घरात मूल झाले की नाव आजोबांचेच ठेवतो, आणि त्या नावाने हाक मारताना मनात काही आशा असते.

परतीच्या प्रवासात घाट उतरताना दादा भाच्याच्या गाडीत बसले. जुनी गाडी आम्ही चालवली. हैदराबादला उतरल्यावर त्यांनी नव्या गाडीबद्दल एवढेच म्हटले की, बैठक बरी आहे. दुसऱ्या आठवड्यात जुन्या गाडीच्या नोंदणीचे कागद त्यांनी कपाटातून काढले आणि भाच्याला फोन करून विचारले, "अरे, परिवहन कार्यालयात माझ्याबरोबर येशील का?"