जातीची ओक

ब्वाझरी जातीने ओक, पण ते ती सहसा कळू देत नाही. अठराव्या शतकातल्या फ्रेंच दिवाणखान्यात ती जमिनीपासून छताच्या पट्टीपर्यंत भिंती व्यापून उभी असते. अंगावर पांढरा किंवा फिकट हिरवा रंग, कडांना सोनं. दगडी भिंतींचा गारठा अडवणं हा या कोरीव लाकडी अस्तराचा मूळ धर्म. नटणं मागाहून आलं, आणि मग मात्र तिने हात आखडता घेतला नाही.

तिचा साज जवळून पाहावा. कारागीर पटाशीने पानं, शिंपले, फुलांच्या माळा उठवतो. त्यावर सरसात कालवलेल्या खडूचे थरावर थर चढतात आणि नक्षीच्या धारा बुजतात. मग बारीक हत्यारांनी त्या लेपातच नक्षी पुन्हा कोरून काढायची! पानाची जी नाजूक शीर आपल्याला मोहवते, ती बहुधा लाकडातली नसते, खडूतली असते. त्यावर तांबडी माती, मग सोन्याचा वर्ख. काही भाग अकीकाने घोटून लखलखीत, काही मुद्दाम मंद ठेवलेले. हा सारा हिशेब मेणबत्त्यांच्या हलत्या उजेडाचा. विजेच्या दिव्याखाली ती निम्मीच बोलते.

स्वभावाने सोशिक. ऋतूंबरोबर लाकूड फुगतं, आक्रसतं, म्हणून तिची फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवलेली असते.

व्हर्सायला पंधराव्या लुईची लेक मादाम आदेलाईद हिच्या सोनेरी खोलीत कोरीवकार जाक व्हरबर्ख्टने तिच्यावर वाद्यं कोरली. क्रांतीनंतर, 1793 पासून, राजवाड्याचं सामान लिलावात गेलं. ही भिंत धरून राहिली. पॅरिसमधल्या तिच्या बहिणींना ते भाग्य नव्हतं. एकोणिसाव्या शतकात रुंद रस्त्यांसाठी हवेल्या पडल्या आणि श्रीमंतांनी या बहिणींना उचलून नेलं. फर्डिनांड द रॉथ्सचाइल्डच्या इंग्लंडमधल्या वॉड्सडन मॅनरमध्ये अशा कित्येक नांदताहेत. व्हारांजव्हील हवेलीतली तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, आणि हवेली अजून पॅरिसलाच, बुलव्हार सँ-जर्मँवर.

म्युझियमने तिला जपलं, त्याचं ऋण मानलंच पाहिजे. पण ती एकाच खोलीच्या, तिथल्याच खिडक्या-आरशांच्या मापाने जन्मलेली. परक्या जागी तिला जुळवून घ्यावंच लागतं, आणि ते मला खुपतं.

पॅरिसला गेलात तर फ्रान्सचं राष्ट्रीय दफ्तर सांभाळणाऱ्या ऑतेल द सूबीझमध्ये जा. वास्तुकार बोफ्रांने 1730च्या दशकात सजवलेल्या लंबगोल दिवाणखान्यात ती आजही स्वतःच्या घरी आहे. तिला तिथे बघा.