मैलाचा दगड

आजच्या फेरीत ना गेटवे, ना म्युझियम. दादरच्या फुटपाथवर उकिडवे बसून आम्ही एक काळा दगड वाचला. रोमन आकड्याच्या खाचेत जुन्या रंगाचा थर. बोट फिरवलं की आकडा कळतो. फोर्टातलं सेंट थॉमस चर्च १७१८ साली खुलं झालं. इंग्रजांच्या मुंबईत अंतरं तिथूनच मोजली जायची, आणि असे दगड ती मैलांत सांगायचे. १८६०च्या दशकात फोर्टच्या किल्ल्याचा तट पाडला; पुढे रस्ते उंचावत गेले, आणि हे दगड गळ्यापर्यंत गाडले गेले. काही अलीकडे वर काढून नीट बसवलेत, फार बरं वाटलं. पुढच्या फेरीला आईला नेणार. जन्म दादरला गेला तिचा, पण हा दगड तिने पाहिलेला नाही.