मोत्याचं चालू खातं

आमच्या घरी पॉमेरेनियनचं पिल्लू आलं ते चिरंजीवांच्या हट्टाने, राहिलं ते सौ.च्या कृपेने आणि पहिला विधी उरकलं ते माझ्या सतरंजीवर.

मोत्या दोन महिन्यांचा. बाहेर न्यावा, तर आम्ही बुलढाण्यात तिसऱ्या मजल्यावर, आणि त्यात डॉक्टरांची ताकीद : "लसी पुऱ्या होईपर्यंत, म्हणजे चारेक महिन्यांचा होईस्तोवर रस्त्यावर सोडू नका. पार्वो होतो." म्हणजे जे काय व्हायचं ते घरातच!

बाबांनी खास वऱ्हाडी उपाय सुचवला. "नाक घास त्याचं त्यात. मंग समजते त्याले!"

डॉक्टरांनी मान हलवली. "काही समजत नाही. करणं आणि रागावणं यांत मिनिटभर गेलं तरी त्याला संबंध लागत नाही. मालकासमोर करायचं नाही, एवढंच ते शिकतं. मग पलंगाखाली करतं."

हे मला एकदम पटलं. साहेबांनी चारचौघांत झापलं, की कारकून चुका करायचं थांबवत नाही, लपवायला शिकतो. (कसं कळलं, विचारू नका.)

मग मी मोत्याची खतावणीच घातली. जितके महिने वय तितके तास दम निघतो, हा ढोबळ हिशेब. म्हणजे या वयात मुदत ठेव नाहीच, सगळा चालू खात्याचा व्यवहार! झोपून उठला, जेवला, खेळून दमला, की उचलायचा आणि न्हाणीघराजवळच्या रद्दीवर ठेवायचा. काम झालं की तिथल्या तिथे शाबासकी आणि पोळीचा तुकडा. ओली रद्दी काढायची, पण किंचित वासाचा एक कागद खाली राहू द्यायचा; तीच त्याची पाटी. चुकलेल्या जागी मात्र वास उरता कामा नये. अमोनियाचं औषधही नको; त्याचा वास त्याच गोत्रातला.

तिसऱ्या आठवड्यात ताळेबंद जुळला. गफलत एकच. मी जमिनीवर पेपर पसरून बसलो, की मोत्या येऊन अग्रलेखावर आपलं मत नोंदवी.

जानेवारीतली गोष्ट. अजिंठ्याच्या डोंगरावरचं आमचं गाव, थंडी मी म्हणत होती. रात्री दोनला मोत्याला घेऊन निघालो, तर बोळीत बाबा उभे. धोतर ओलं. ऐंशीचं वय, अंधार आणि न्हाणीघर चार पावलं लांब राहिलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पहिल्या आठवड्यात मोत्या अगदी असाच बघायचा.

"बाबा, हाक तरी मारायची!" हे शब्द ओठांवर आले होते. गिळले. कोरडं धोतर दिलं, फरशी पुसली. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी बोळीत बारका दिवा लावला. सौ.ला सांगितलं, मोत्यासाठी.

आता मोत्या पहाटेपर्यंत खुशाल झोपू शकतो. तरी मी दोनला उठतो, त्याला उचलतो आणि बाबांच्या खाटेशी थांबतो.

"बाबा, मोत्याला नेतोय. येता का?"

बाबा काठी चाचपतात. "चाल बापा. भेव लागते त्याले एकट्याले."