खांबावरची दुसरी तार



मी शेतकी खात्याचा माणूस. विजेचे काम माझे नव्हे. पण ठाणे जिल्ह्यात गावोगाव फिरताना हल्ली पिकाबरोबर खांबांकडेही नजर जाते. कल्याण-डोंबिवलीच्या गल्ल्यांत विजेच्या खांबांवर टीव्हीच्या आणि इंटरनेटच्या केबल लोंबतात. तीच रीत आता आपल्या गावातही आली आहे.

"ती नुसती टीव्हीची वायर, तिच्यात कुठला करंट?" असे आपण म्हणतो. गेल्या भातकापणीनंतर मुरबाड रस्त्यालगतच्या एका गावी पेंढ्याने भरलेली ट्रॉली आडव्या केबलला अडली. वर बसलेल्या मुलाने ती उचलायला हात पुढे केला. मी ओरडून त्याला खाली उतरवले. वीज कंपनीच्या माणसाने लाइन बंद करून केबल वर घेतली. दोन तास खोळंबा झाला, एवढेच. पण साहेब उगाच घाबरतात, असे घरच्यांना वाटले. म्हणून कारण सांगतो.

इंटरनेटच्या केबलमध्ये काचेचा धागा असतो. त्यातून उजेड जातो, वीज नाही, हे खरे. पण तो धागा पेलायला पुष्कळदा पोलादी तार असते. टीव्हीच्या केबलमध्ये तर तांबे आणि धातूची जाळी. वरची वीजतार तुटून वा घासून तिच्यावर टेकली, तर तीच वीज केबलवाटे घरात येऊ शकते.

दोन्ही तारा एका खांबावर नेऊच नयेत, असे नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ८६ वा नियम त्यासाठीच होता. अशी तार किमान २७० किलो ताण सोसणारी हवी. खांब उच्च दाबाचा असेल, तर स्पर्शाने वा गळतीने माणसाला इजा होणार नाही अशी तजवीज हवी. त्याच नियमांप्रमाणे रस्ता ओलांडणारी लघुदाबाची वीजतारसुद्धा जमिनीपासून ५.८ मीटर, म्हणजे १९ फूट उंच हवी. पुढे त्या जागी २०१० साली आणि परत २०२३ साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले. मग हाताला लागणारी केबल कोणत्या हिशेबात बसते?

आणखी एक. केबलची भेंडोळी खांबाला गुंडाळली, की वायरमनला चढायला जागा उरत नाही. आपल्या मोटारीची लाइन जोडायला भर पावसात येतो तो हाच. त्यालाही बायकामुले आहेत.

तेव्हा एवढे पाळा. लोंबणारी केबल हाताने उचलू नका, बांबूनेही नको. ओला बांबू वीज वाहून नेतो. खांबाला किंवा त्याच्या ताणाला गुरे बांधू नका, कपडे वाळत घालू नका. तार खाली आलेली दिसली, तर मुलांना दूर ठेवा आणि १९१२ वर कळवा.

नव्या जोडणीसाठी माणूस दारात आला, की विचारा, "ही तार कोणत्या खांबावरून, कोणाच्या परवानगीने आणणार?" नीट उत्तर मिळेपर्यंत जोडणी थांबवा. चार दिवस टीव्ही नसला म्हणून घर अडत नाही; घरातले माणूस गेले की अडते.