झाकली गाडी सव्वा लाखाची

निवृत्तीच्या पैशांत लोक काशीयात्रा करतात. इथे इंग्लंडात मी २००५ सालची ॲस्टन मार्टिन डीबी९ घेतली. अर्थात सेकंडहँड! बारा सिलिंडर, जवळजवळ सहा लिटरचं इंजिन. मागे दोन सीटाही आहेत. पण पाय घरी ठेवून आलेला पाहुणाच तिथे बसू शकतो. 'डीबी' म्हणजे डेव्हिड ब्राउन, १९४७ साली ही कंपनी विकत घेणारा कारखानदार. तो ट्रॅक्टर बनवायचा, हे कळल्यापासून आमची ही गाडीला 'ट्रॅक्टर'च म्हणते.

अशी गाडी चालवायची नसते, सांभाळायची असते. मैल वाढले की किंमत उतरते. म्हणून ती गॅरेजात मऊ खोळ पांघरून झोपते, उशाशी बॅटरीचा चार्जर. सर्व्हिसिंगच्या पावत्या मी मुलांच्या जन्मदाखल्यांहून जपतो. भाजी आणायला बस आहेच.

परवा मेकॅनिक म्हणाला, "नुसती उभी ठेवलीत तर टायर चपटे पडतील, रबरी सील वाळतील."

मला आईची पैठणी आठवली. चांगल्या प्रसंगासाठी म्हणून ट्रंकेत ठेवलेली. माझ्या मुंजीत काढली, तर घडीवर विरलेली. आई काही बोलली नाही. साधं लुगडं नेसून उभी राहिली.

मी खोळ काढली. "अगं, चल!"

"कुठं?"

"कुठंही."

बाहेर पाऊस होता. पहिल्याच वळणावर ही म्हणाली, "अहो, बरा आहे की तुमचा ट्रॅक्टर!"