मी विसरले नव्हते



आज जे लिहिणार आहे ते लिहावं की नाही, यात माझे दोन महिने गेले.

दशलक्षण पर्वाच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी पोस्टमन आला. सूनबाई नातवाला शाळेतून आणायला गेली होती. तिच्या नावाचं स्पीड पोस्ट होतं. मी सही केली आणि पुन्हा मूग निवडायला बसले. उठताना पाकीट शास्त्राच्या कपाटात ठेवलं, सुरक्षित राहील म्हणून. आणि विसरले.

पर्वाचा पहिला दिवस, उत्तम क्षमा. पूजेचं पुस्तक काढायला कपाट उघडलं तर पाकीट खाली पडलं. अकोल्याच्या एका शाळेतून तिला मुलाखतीला बोलावलं होतं. तारीख आदल्या दिवशीची!

सूनबाई एवढंच म्हणाली, "राहू द्या आई, होतं असं कधीकधी."

सगळ्यांनी वयावर घातलं. पण मैत्रिणींनो, मला दुधाचा हिशोब तोंडपाठ असतो. अष्टमी-चतुर्दशी चुकत नाही. सिलेंडर कोणत्या तारखेला लावला ते मी झोपेतही सांगेन. मग नेमकं हेच कसं विसरले?

त्याच दिवसांत लेकीची मुलगी आमच्याकडे मेडशीला आली होती. ती अकरावीला आहे, मानसशास्त्र घेतलंय. तिचं पुस्तक चाळता चाळता मी फ्रॉइडच्या धड्यावर थांबले. सिग्मंड फ्रॉइड व्हिएन्नातला डॉक्टर (1856-1939). त्याने मनाचे तीन थर सांगितले: बोध, बोधपूर्व आणि अबोध. जे सोसवत नाही ते माणूस अबोध मनात ढकलून देतो. त्याला दमन म्हणतात. पण ढकललेलं मरत नाही, दुसऱ्या वाटेने वर येतं. स्वप्नात येतं, बोलताना चुकून निसटलेल्या शब्दात येतं, विसरण्यातही येतं. अशा रोजच्या चुकांवर त्याने 1901 साली एक अख्खा ग्रंथ लिहिला. काही विसरणं हे न कळत केलेलं काम असतं, असं तो म्हणतो. ते वाचलं आणि मी पुस्तक मिटलं.

कारण मला एक दुसरं पाकीट आठवलं होतं.

मी बी.कॉम. झाले आणि वर्षभरात लग्न होऊन या घरात आले. लग्नाआधी बँकेची परीक्षा दिली होती. मुलाखतीचं पत्र कधी आलंच नाही, असं मी धरून चालले. दिवाळीच्या सफाईत गोधड्यांच्या पेटीत ते सापडलं. सासूबाईंनी ठेवलं होतं. मी पत्र फाडून चुलीत घातलं आणि कुणालाही काही बोलले नाही. पुढे दर क्षमावाणीला त्यांच्या पाया पडले. शेवटच्या आजारपणात त्यांचं सगळं या हातांनी केलं. मनात काही नाही, असं मी शपथेवर सांगितलं असतं.

आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, तेरीज जुळली नाही की फरक तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकायचा. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, पण चूक तिथेच असते. माझी क्षमा चाळीस वर्षं त्या खात्यात पडून होती.

फ्रॉइडने पुढे 1923 मध्ये व्यक्तिमत्त्वाचे तीन भाग मांडले: इदम्, अहम्, पराहम्. त्या दुपारी माझ्यात तिघं भांडले असणार. इदम् म्हणालं, मला मिळालं नाही ते हिला का मिळावं? पराहम् म्हणालं, चांगली सासू असं करत नाही. आणि अहम् ने मधली वाट काढली. चोरी नको, खोटं नको, नुसतं विसरायचं.

आपल्याकडे कोलकात्याला डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. त्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता, पण मत स्वतःचं होतं. प्रत्येक इच्छेच्या मागे तिची उलट इच्छा दडलेली असते, असं ते सांगत. मार खाणाऱ्याच्या आत मारण्याची इच्छाही असते. जिला अडवलं तिच्या आत अडवणारीही बसलेली असते! सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली, आणि त्यांचं काम मी केलं.

फ्रॉइडचं सगळं मला पटत नाही. धर्माला तो भ्रम म्हणतो. शिवाय तो बालपणापाशी थांबतो, आपण मागच्या भवांपर्यंत जातो. पण दमनाची गोष्ट आपल्याला नवी नाही. षट्खंडागम धवला टीकेसह आपल्या अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनात छापायला सुरुवात झाली ती 1939 साली, फ्रॉइड वारला त्याच वर्षी. आपल्या कर्मशास्त्रात उपशम आणि क्षय हे दोन वेगळे शब्द आहेत. गढूळ पाण्यात निवळी फिरवली की गाळ तळाशी बसतो, पाणी नितळ दिसतं. तो उपशम. भांडं हललं की पुन्हा गढूळ. म्हणून तर अकराव्या गुणस्थानापर्यंत चढलेला मुनीही तिथून खाली येतो, आणि क्षपक श्रेणीचा दहाव्यातून थेट बाराव्यात जातो. गोम्मटसारात कषायांचा वासनाकाळ सांगितलाय: संज्वलन अंतर्मुहूर्त, प्रत्याख्यानावरण पंधरा दिवस, अप्रत्याख्यानावरण सहा महिने, त्यापुढे अनंतानुबंधी. म्हणजे राग उदयात नसतानाही त्याचा संस्कार किती काळ टिकतो, त्याची ही मुदत. मी माझी चाळीस वर्षं त्या मापाला लावली आणि गप्प बसले.

क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांना एकच वाक्य म्हणतो: जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा. त्या "असेल तर"च्या मागे लपायला फार सोपं असतं. आलोचना म्हणजे दोषाचं नाव घेणं. यंदा मी सूनबाईला स्वयंपाकघरात बसवलं आणि दोन्ही पाकिटांची गोष्ट सांगितली. "मी विसरले नव्हते गं," म्हटलं. "माझ्यातल्या कुणालातरी तू जायला नको होतीस."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, त्या दिवशी मला खूप राग आला होता. मी पण नाही सांगितलं." आणि रडली. मला वाटतं, त्या दिवशी या घरात एक पेटी कमी झाली.

तिने आता दुसरीकडे अर्ज केलेत. पत्ता इथलाच दिलाय, माझ्या भरवशावर. पोस्टमन आला की मी पाकीट तिच्या हातात देईपर्यंत खाली बसत नाही.

तुमच्या कपाटातही एखादं पाकीट असेल. एकदा बघा.

उत्तम क्षमा.